सर्व हक्क सुहासरावांपासून सुरक्षित

सुहासराव धर्माधिकारींनी आयुष्यात एकदाच दगा खाल्ला होता, पण तो त्यांनी फार जपून ठेवला होता. अकोले गावच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तास संपले की जीपमध्ये अंग चोरून बसायचे आणि राजूरच्या पलीकडच्या एका डोंगरवाडीत जाऊन तिथल्या जुन्या भातांची मापं घ्यायचे. काळभाताची लोंबी कधी निसवते, रायभोग किती पावसाला आडवा होतो, लोंबीत दाणे किती भरतात, हे सगळं मोजून कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत भरायचे. ही फाइल त्यांनी गेल्या हंगामाच्या आधी एका परिषदेत डॉ. अमृत जहागीरदार नावाच्या शहरातल्या प्राध्यापकांना नुसती बघायला म्हणून दिली. जहागीरदारांनी ती बघितली, त्यांना ती आवडली, आणि त्यांनी ती स्वतःच्या नावानं इंटरनेटवर टाकून दिली.

तेव्हापासून कोणी फाइल म्हटलं की सुहासरावांचा हात आपोआप खिशातल्या पेनड्राइव्हवर जायचा.

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांचा स्वतःचा असा एकही लेख मोठ्या नियतकालिकात छापून आला नव्हता. एक लेख परदेशी पाठवलेला होता, त्यावर सगळी भिस्त होती. अशात भातांच्या माहितीचं एक मोठं आंतरराष्ट्रीय भांडार आहे, त्यांनी सुहासरावांची फाइल मागितली. आजवरची सगळी मापं, गेल्या हंगामासकट. अट एकच. फाइलीच्या डोक्यावर दोन ओळी हव्यात: हक्क कोणाचे, आणि इतरांनी या माहितीचं काय करायचं. नमुना म्हणून भांडारवाल्यांनी दुसऱ्या कोणाची तरी फाइल पाठवली होती. तिच्यावर एक नाव होतं आणि खाली लिहिलं होतं की कोणीही वापरा, नाव तेवढं द्या.

"ही काय हक्काची ओळ झाली? ही तर पाणपोई आहे," सुहासराव बायकोला म्हणाले. "आता बघ मी कशी लिहितो. जहागीरदार सात जन्म घेऊन आला तरी त्याला एक आकडा हलवता येणार नाही."

प्रणिताबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी वह्या तपासता तपासता विचारलं, "आणि तुम्हालाच लागला एखादा आकडा तर?"

सुहासराव खो खो हसले. मालकाला कोण अडवतो, असं म्हणून त्यांनी ओळ लिहिली: वर दिलेल्या सर्व हक्कदारांच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती कोणालाही, कोणत्याही कारणासाठी पाहता, वापरता वा बदलता येणार नाही. 'कोणालाही' हा शब्द त्यांनी ठळक केला आणि बराच वेळ त्याच्याकडे कौतुकानं बघत बसले.

राहिली हक्कदारांची ओळ. तिथं खरं तर एकच नाव लिहायचं होतं. पण प्राचार्य नृसिंह वैद्य यांना याची कुणकुण लागली. कॉम्प्युटर कॉलेजचा, वीज कॉलेजची, मग हक्कात कॉलेज नको का, असा त्यांचा सवाल होता. कॉलेज म्हणजे प्राचार्य, हे सांगायला नको. प्राचार्यांचं नाव आलं आणि संस्थेच्या अध्यक्षांचं नाही, असं अकोले तालुक्यात आजवर कधी झालेलं नाही. तेव्हा अध्यक्ष श्रीमंतरावही आले. सुहासरावांनी आनंदानं घेतले. नावांच्या बाबतीत ते उदार होते, त्यांचा सगळा चिक्कूपणा आकड्यांपुरता होता.

मग ते राजूरकडे मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर गेले, कारण सगळी मापं त्याच्याच खाचरांतली होती. मच्छिंद्रच्या घरी मुलीच्या, निकिताच्या लग्नाची पत्रिका ठरत होती. ओट्यावर भावकी जमली होती आणि कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून सकाळपासून चहाच्या तीन किटल्या संपल्या होत्या. सुहासरावांनी आपलं काम सांगितलं तशी सगळी भावकी इकडे वळली. हक्कदार म्हणजे पत्रिकेतले निमंत्रकच की. नाव नसलं तर माणसानं समजायचं काय?

मच्छिंद्रची आई छबूबाई आतून म्हणाली, "म्हाताऱ्याचं नाव आदी. काळभाताचं बी त्येंनी राखलं म्हून हाय."

म्हातारा म्हणजे तिचा सासरा कानिफनाथ. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पत्रिकेत कैलासवासी मंडळी सगळ्यांत वर असतात, त्यात वाद नव्हता. मग मच्छिंद्र. मग त्याचे भाऊ, चुलते, आत्याचे मालक. सुहासराव लिहीत गेले. चुलतभाऊ छगन तेवढा बाजाराला गेला होता, म्हणून त्याचं नाव आठवलं तेव्हा शेवटी घातलं. खाली पोरांचीही ओळ टाकावी असं कोणी तरी सुचवलं, ती मात्र सुहासरावांनी शास्त्राचं कारण सांगून टाळली.

घरी येऊन त्यांनी फाइल भांडारात चढवली. फाइल सुरक्षित पोचल्याचं उत्तर आलं तसे त्यांनी लॅपटॉपवरची प्रत पुसली, कॉलेजच्या कॉम्प्युटरवरची पुसली, पेनड्राइव्ह रिकामा केला. आता चोरायला जगात काही ठेवलंच नाही, असं म्हणून ते त्या रात्री फार गाढ झोपले.

दुसऱ्याच आठवड्यात परदेशाहून पत्र आलं. लेख पसंत आहे, फक्त मापांचा मूळ तक्ता महिनाअखेरपर्यंत जोडा, म्हणजे छापतो. सुहासरावांनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग भांडार उघडून स्वतःची फाइल मागितली.

भांडारानं अदबीनं कळवलं की या फाइलीसाठी सर्व हक्कदारांची लेखी संमती लागेल.

सुहासरावांनी कळवलं की मीच तो. भांडारानं कळवलं, आनंद झाला, आपली संमती मिळाली, आता उरलेल्यांची पाठवा. त्यांनी कळवलं की मग ती ओळच बदला. उत्तर आलं की ओळ बदलायलाही सर्वांची संमती लागते, आणि सोबत 'कोणालाही' हा शब्द त्यांनी जसा ठळक केला होता तसाच ठळक करून पाठवला होता.

मग सुहासराव कागद घेऊन निघाले. प्राचार्यांनी आधी अध्यक्षांची सही आणा म्हटलं, अध्यक्षांनी आधी प्राचार्यांची. तो तिढा प्रणिताबाईंनी दोघांना एकाच वेळी जेवायला बोलावून सोडवला. मच्छिंद्रच्या ओट्यावर सह्या भराभर झाल्या. छगनपाशी येऊन गाडी अडली.

"सर, समद्या भावकीच्या खाली माझं नाव," छगन म्हणाला. "पत्रिकेत आसं केलं आस्तं तर मी मांडवात पाय ठिवला नस्ता. आदी नाव वर घ्या, मंग सही."

नाव वर घ्यायला छगनची सही लागत होती. सुहासरावांनी त्याला हे परोपरीनं समजावलं. छगनला ते पूर्ण समजलं, आणि समजल्यावर तो जास्तच खूश दिसू लागला.

"मंजी आता समदं माझ्यावर आडलंय तर," तो म्हणाला. हे त्यानं पुढं दोन दिवस सगळ्या राजूरच्या बाजारात सांगितलं.

राहता राहिले कैलासवासी. भांडारानं त्यांच्या वारसांचा दाखला मागितला होता. सुहासराव तलाठी कार्यालयात गेले.

तलाठ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वारस लावू की. मिळकत कोणती?"

"फाइल आहे."

"गट नंबर?"

"फाइलीला गट नंबर नसतो हो."

"मग मी फेरफार कुठं धरू?" तलाठ्यांनी विचारलं. क्षेत्र किती, चतुःसीमा कोणत्या, पोटखराबा आहे का, याचीही त्यांनी आपुलकीनं चौकशी केली. सुहासराव बाहेर आले आणि कार्यालयासमोरच्या बाकावर मटकन बसले. त्यांना रडू येत होतं, आणि ते येणं साहजिक होतं. उन्हापावसात चिखल तुडवून मोजलेला एकेक दाणा डोळ्यांपुढे होता, फक्त त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

महिना संपायला आला. संध्याकाळी प्रणिताबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि सहज म्हणाल्या, "जहागीरदारांकडे असेल की तो तक्ता."

सुहासराव ताडकन उठले. त्या चोराचं नाव या घरात काढायचं नाही, असं म्हणाले. येरझारा घातल्या. पुन्हा बसले. मग बायको चहात साखर घालायला वळली आहे असं बघून त्यांनी हळूच लॅपटॉप उघडला.

जहागीरदारांची फाइल चटकन सापडली. गेला हंगाम सोडला तर तीच मापं, तेच आकडे, एका ठिकाणी सुहासरावांच्या हातून चुकून दोनदा पडलेला रायभोगसुद्धा तसाच. डोक्यावर हक्कदार एकच, डॉ. अमृत जहागीरदार. आणि खाली लिहिलं होतं: कोणीही, कशासाठीही वापरा. नाव तेवढं द्या.

चहा उकळायच्या आत फाइल उतरली.

नाव न देता पाठवावी असं त्यांच्या मनात आलं. पण नियतकालिकानं स्पष्ट विचारलं होतं की माहिती कोणाची आणि कोणत्या अटीवर वापरली. सुहासरावांनी दात आवळून ती ओळ टाइप केली, आणि इतक्या जोरात केली की एक बटण निघून चहात पडलं.

लेख छापून आला. वर सुहासरावांचं नाव होतं, ते बघून प्रणिताबाईंनी शिरा केला. तळाशी आभार होते: मापांचा तक्ता उपलब्ध करून दिल्याबद्दल डॉ. अमृत जहागीरदार यांचे ऋण. प्राचार्यांनी तो लेख स्टाफरूममध्ये फिरवला आणि हे जहागीरदार कोण, भले गृहस्थ दिसतात, त्यांना आपल्या स्नेहसंमेलनाला बोलवायला हवं, असं सुचवलं. गेल्या हंगामाची मापं अजून भांडारात आहेत. छगनचा निरोप असतो अधूनमधून, की सर येऊन जा, बसून बोलू.

आणि परवा खुद्द जहागीरदारांचं पत्र आलं. आपण माझी माहिती वापरलीत याचा फार आनंद झाला, असं लिहिलं होतं. पुढेही निःसंकोच वापरत जा. आणि विशेष कौतुक वाटलं ते याचं, की आपण आठवणीनं मूळ माणसाचं नाव दिलंत. हल्ली एवढंही कोणी करत नाही.