टिश्यू, प्लीज!

फोडणीचा भात फ्रिजमध्येच राहू द्यायचा आणि सासूबाईंना बाहेर जेवायला न्यायचं, हे यतीनने शनिवारी दाढी करता करता ठरवलं. तसा निर्णय छोटासाच होता. पण बायकोला न विचारता घेतलेला होता, आणि यतीनचे असे निर्णय हमखास त्याच्या अंगाशी येत.

देवयानीला त्या दिवशी सुट्टी असूनही लंडनच्या ऑफिसात जावं लागलं होतं. निघताना तिने बजावलं होतं, "आईला भात गरम करून दे. आणि प्लीज, तिला समजावायला जाऊ नकोस. तू समजावलंस की माणूस जास्त खचतो."

समजावण्यासारखं कारण मात्र होतं. देवयानीचे बाबा गेल्यावर सुप्रभाताई नागपूरच्या घरात एकट्या पडल्या, म्हणून लेकीने हट्टाने त्यांना लंडनजवळ स्लाऊला आणलं. इथे येऊन त्या आणखीच गप्प झाल्या. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या कार पार्ककडे बघायच्या. जेवायला अर्धी पोळी. काही विचारलं की, "मला काही नको, यतीनराव." आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी हळूच विचारलं होतं, "परतीचं तिकीट अलीकडचं करून मिळेल का हो?" त्यावर देवयानी "बघते" म्हणाली, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातही ते यतीनला ऐकू आलं होतं.

तर यतीनने सासूबाईंना कार्डिगन घालायला लावलं आणि हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतल्या मलेशियन कॅफेत आणून बसवलं. तिथे तो ऑफिसच्या लोकांबरोबर एकदा येऊन गेला होता. (तेव्हा ऑर्डर दुसऱ्यांनीच दिली होती. पण हे सासूबाईंना सांगायची गरज त्याला वाटली नाही.)

"इथली रोटी चनाई एकदम फेमस आहे, आई. प्युअर व्हेज, डाळीबरोबर देतात."

"चनाई म्हणजे चण्याची का?"

"हो, चण्याचीच," यतीन बेधडक म्हणाला. "आणि चहा. तेह तारिक."

"तारिक म्हणजे?"

"तारीख. म्हणजे आजच्या तारखेचा. फ्रेश."

सुप्रभाताईंनी मेनूकार्ड खाली ठेवलं. "म्हणजे कालच्या तारखेचाही देतात?"

यतीनने घाईघाईने काउंटरकडे बघून ऑर्डर देऊन टाकली. तेवढ्यात कॅफेचे मालक स्वतःच चहा करायला उभे राहिले. टक्कल पडलेले, हसरे गृहस्थ. त्यांनी चहाचं भांडं डोक्याच्याही वर नेलं आणि कमरेजवळच्या मगमध्ये चहाची लांबच लांब धार सोडली. मग त्या मगमधून परत भांड्यात, परत वर, परत खाली. एक थेंब सांडला नाही. चहावर जाड फेस आला. शेजारी तव्याशी त्यांची बायको रोस्ना उभी होती. मैद्याचा गोळा हातावर घेऊन ती गरगर फिरवत, आपटत, ताणत होती आणि त्याची पार रुमालासारखी पातळ पोळी होत होती.

"तारिक म्हणजे ओढणं," चहाचे मग टेबलावर ठेवताना मालक इंग्रजीत म्हणाले. "चहा ओढायचा. मग तो मऊ होतो."

"काय म्हणतात ते?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"आजचाच आहे म्हणतात," यतीन म्हणाला.

रोट्या आल्या, डाळ आली. त्यात औषधालासुद्धा चणा नव्हता. सुप्रभाताईंनी एक तुकडा मोडला, डाळीत बुडवून खाल्ला. चहाचा मग उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"फार गरम आहे हो. बशी नसते का यांच्याकडे?"

बशी नव्हती. दोन मग मात्र होते. यतीनच्या मगमधला चहा अर्धा संपला होता, आणि मालकांचं कौशल्य त्याने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. यात आहे काय एवढं? इंजिनीअरच्या दृष्टीने तर हा साधा फ्लोचा प्रॉब्लेम.

"थांबा, आई. मी गार करून देतो."

त्याने एक मग डोक्याच्या वर नेला, दुसरा कमरेशी धरला आणि धार सोडली. धार अगदी सुरेख निघाली. फक्त खालच्या मगमध्ये न जाता ती यतीनच्या क्रीम रंगाच्या पँटवर, तिथून टेबलावर आणि तिथून सुप्रभाताईंच्या दिशेने निघाली.

"आई गं! टिश्यू!" यतीन किंचाळला. "एक्स्क्यूज मी! टिश्यू! टिश्यू, प्लीज!"

काउंटरपलीकडून मालकांनी मान वर केली. "टिश्यू? वन?"

"वन काय वन! थ्री! क्विक!"

मालकांनी आनंदाने मान डोलावली आणि बायकोला काहीतरी सांगितलं. यतीनने तोवर स्वतःचा मफलर टेबलावर टाकला. पण टिश्यू काही येईनात. "टिश्यू?" तो परत ओरडला. "कमिंग, कमिंग," रोस्ना तिकडून म्हणाली आणि तिने आणखी जोरात गोळा आपटला.

आणि मग ते आले. तीन. रोटी टिश्यू नावाचा पदार्थ असतो हे यतीनला त्या क्षणी कळलं. कागदासारखी पातळ, कडक, कंडेन्स्ड मिल्कने माखलेली रोटी. तिचा शंकू केलेला, हातभर उंच. असे तीन शंकू मालकांनी मिरवत आणले आणि टेबलावर ओळीने उभे केले. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे.

शंकूंच्या पलीकडे सुप्रभाताई दिसेनाशा झाल्या. यतीन भिजल्या पँटने तसाच बसून राहिला. मग त्याला दोन शंकूंच्या फटीतून त्यांचे खांदे हलताना दिसले, पदर तोंडावर गेलेला दिसला. रडवलं आपण यांना. तो घाईने उठून पलीकडे गेला.

"आई, सॉरी. चुकलं माझं. आपण घरी जाऊ."

सुप्रभाताईंनी पदर खाली घेतला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाजच फुटू नये इतक्या हसत होत्या.

"बसा हो, यतीनराव," श्वास मिळाल्यावर त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवाळसणाला हे आमच्याकडे आले ना, तेव्हा माझी आई अंगणात लांब रोट्या करत होती. आमच्याकडे अशाच करतात, पीठ हातावर कोपरापर्यंत लांबवायचं आणि उलट्या मडक्यावर टाकायचं. तर हे म्हणाले, त्यात काय, मी टाकतो. आणि अख्खी रोटी यांच्या खांद्यावर. उपरणं घेतल्यासारखी! आई बिचारी घाबरली. तर तिला म्हणतात कसे, 'छान मऊ आहे.'"

शंकूचा एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला.

"कुणाला सांगितलंच नव्हतं बघा हे. देवयानीलासुद्धा नाही."

यतीनने समजावायला तोंड उघडलं. आणि, नशिबाने, त्यात शंकूचा तुकडा टाकला. (समजावण्याचा मोह त्याने टाळल्याचा हा एकमेव पुरावा.)

अर्ध्या तासाने सुप्रभाताई हात धुऊन काउंटरच्या पलीकडे उभ्या होत्या. त्या मराठीत बोलत होत्या, रोस्ना तिच्या भाषेत, आणि दोघींचं एकमेकींशी पूर्ण एकमत होत होतं. रोस्नाने एक गोळा त्यांच्या हातावर ठेवला. सुप्रभाताईंनी तो फिरवला, कोपरापर्यंत लांबवला आणि अलगद तव्यावर टाकला. "मैदा नको, कणीक घे," त्या तिला म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी दाखवते." पुढच्या शनिवारी! यतीनने ते शब्द ऐकले आणि भिजल्या पँटकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं.

देवयानी घरी आल्यावर त्याने सगळं रंगवून सांगितलं. तिने आधी डोक्याला हात लावला, मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आतल्या खोलीतून सुप्रभाताईंचा मोठा, खणखणीत आवाज येत होता. नागपूरच्या उल्कामावशीशी फोन चालला होता.

"छे गं, तिकीट नाही बदलत. राहते पूर्ण मुदत."

देवयानीचे डोळे भरून आले. यतीनने छाती फुगवली. श्रेय कुणाचं आहे, हे आता मावशीच्याही कानावर जाणार होतं.

"लेकीची काळजी नाही गं, ती खंबीर आहे," सुप्रभाताई सांगत होत्या. "पण ती दिवसभर ऑफिसात. या जावयाला एकट्याला टाकून कशी येऊ? त्याला अजून चहासुद्धा नीट पिता येत नाही."