‘तसलं’ म्हणजे कसलं?

कुंदासिस्टर आपले आतले कपडे हॉस्पिटलच्या क्वार्टरसमोर, रस्त्याकडेच्या दोरीवर, भर उन्हात वाळत घालत. वर झाकायला साडी नाही की पंचा नाही. पेणमध्ये तेव्हा, नव्वदच्या दशकात, बायका असले कपडे साडीखाली दडवून सावलीत टाकत. ते वाळत नसत, नुसते कुबट होत. सिस्टरना कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं, "उन्हाला डोळे असतात काय गो?"

मी त्याच हॉस्पिटलात रेकॉर्ड क्लार्क. आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या आजाराला पुस्तकातला नंबर द्यायचा, हे माझं काम. योनिमार्गाची सूज असली की सहाशे सोळा. तीच बुरशीमुळे असली तर एकशे बारा. पण खाडीकडच्या बायका येऊन सांगत, "तसलं झालंय." पुस्तकात ‘तसलं’ला नंबर नाही.

"तसलं म्हणजे कसलं?" सिस्टर पडद्याआडून गरजत. "खाज की जळजळ? पाणी जातंय ते पातळ की दह्यासारखं? वास येतो?" बाहेर बाकावर बसलेले नवरे वर पंख्याकडे बघत राहत. पंखा बंद असला तरी.

मग उपदेश. "आत साबण घालायचा नाय, ती काय मोरी हाय? मिठागरातून आलीस की आधी ओलं लुगडं सोड, मग चूल पेटव." हेच त्यांनी एकदा कुणाच्या हळदीकुंकवात ऐकवलं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

एक दिवस एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेच्या हातात कपड्यांनी फुगलेली पिशवी. सासू काउंटरवरच म्हणाली, "हिला घाणेरडा रोग हाय. डॉक्टरचा कागद द्या. रोह्याला हिच्या बापाला दाखवते नि हिला थयच सोडते."

डॉक्टरीणबाईंनी तपासून बुरशी लिहिलं, मी नंबर घातला. सिस्टरनी सासूला एकटीला आत घेतलं. पडदा पातळ होता.

"बुरशी हाय गो. लोणच्याला धरते, चपलेला धरते, तशी बाईला धरते. पोरीची चाल वाईट म्हणून नाय येत. रात्री ही गोळी आत ठेवायची. बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या."

"आमाला कदी नाय झाला ता!"

"कधीच नाय?"

सासू हळूच म्हणाली, "खाज व्हती एकदा. पन कुनाला सांगलाच नाय."

"मग तुला सोडली काय कुणी रोह्याला?"

"माजा माहेर वडखळला."

मी हसू दाबलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचा एवढा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तू हिला आधी इथं तरी आणलीस. मला थेट माहेरी सोडली. लग्नाला वर्षसुद्धा नव्हतं झालं. दुखणं हेच, एवढंच."

मग सासू बाहेर आली. सुनेच्या हातातली पिशवी तिनं काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि मला विचारलं,

"या गोल्या घरीच घेतल्या तर चालल ना गो? आमच्याकडं?"

"चालेल," मी म्हटलं.

आत सिस्टर हात धूत होत्या. नळ बराच वेळ चालू होता.