हिम्मतरावांच्या फ्रिजमधला बर्फ

हिम्मतरावांच्या मुलीचा, शैलाचा साखरपुडा झाला ते साल एकोणीसशे शहाण्णव. नल्लकुंटा मोहल्ल्यात घरोघरी नवे फ्रिज येत होते. हिम्मतरावांनी जुनाच धरून ठेवला होता. साखरपुड्याच्या सकाळी ते पेपर नाचवत स्वयंपाकघरात शिरले.

"विवेक! उत्तर ध्रुवावर समुद्रातला बर्फ गेल्या सालापेक्षा वाढला! संपलं तुझं पृथ्वी तापणं!"

"बाबा, एका सालानं काय होतंय?" कॉलेजातला मुलगा म्हणाला. "वाऱ्यानं, ढगानं बर्फ कमी-जास्त होतोच. पंधरा-वीस सालं बघा, उतारच दिसतोय."

"ध्रुवाचं राहू द्या," त्यांची बायको तारामती म्हणाली. "आपला फ्रिज बिघडलाय. काल दूध नासलं."

हिम्मतरावांनी वरचा कप्पा उघडला. तोंडापर्यंत बर्फ. "एवढा बर्फ असताना बिघडला म्हणतेस?"

"दाराचं रबर फाटलंय. बाहेरची दमट हवा आत शिरायली, म्हणून बर्फ साचायलाय," विवेक म्हणाला.

ऐकतो कोण! श्रीखंडाच्या चक्क्याचा डबा त्याच बर्फात रुतला होता. हिम्मतरावांनी बर्फ फोडायला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"नक्को, बाबा!"

फुस्सऽ! नळीला भोक पडलं आणि फ्रिजचा गॅस गेला. दुपारपर्यंत सगळा बर्फ वितळला, डबा कलंडला आणि चक्का फरशीवर पोहू लागला. नेमके तेव्हाच व्याही नामदेवराव दारात आले.

"रावसाहेब, पेपर पाहिला? ध्रुवावर बर्फ वाढला! आमचं पोरगं हौलं आहे, अक्कलच नाही त्याला, पृथ्वी तापतीय म्हणतं. मी म्हटलं, असलं मानणाऱ्या घरात मी सोयरीकच करणार नाही!"

दाराआडून शैलानं बापाकडे पाहिलं. नुसतं "हौ" म्हटलं की काम भागत होतं. हिम्मतरावांनी ओलं धोतर पिळलं.

"व्याही, एका सालावर जाऊ नका. बर्फ दिसला म्हणजे सगळं ठीक असतं, असं नाही. या, दाखवतो."

नामदेवरावांनी फाटकं रबर चाचपलं, तरंगता चक्का पाहिला. मग बोटं रुमालाला पुसली.

"मग जेवायला काय?"

"गूळ-तूप-पोळी."

"वाढा. पण मी हरलो नाही. दर सप्टेंबरला ध्रुवावर बर्फ सगळ्यात कमी असतो म्हणे, तेव्हा फोन करून विचारणार!"

लग्न झालं, आणि फोनही होत राहिले. बर्फ एखाद्या साली वाढे, नामदेवराव ओरडत. पुढच्या साली घटे, हिम्मतराव ओरडत. दोन हजार सातच्या सप्टेंबरात तो पूर्वी कधी नव्हता इतका घटला. हिम्मतरावांनी फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला.

नामदेवराव त्याच सालच्या ऑगस्टात वारले होते.