पाण्याच्या गाडीचा फिल्टर

खडकवाडीच्या दूध संस्थेची पिकअप सकाळी नेकनूरला दूध पोहोचवायची आणि परत आली की कॅन उतरवून तिच्यावर दोन हजार लिटरची काळी टाकी चढवली जायची. तेरा सालच्या त्या उन्हाळ्यात दूध निम्म्यावर आलं होतं, कारण जनावरं छावणीला गेली होती. पाण्याच्या खेपा मात्र एकाच्या दोन झाल्या होत्या. दोन्ही कामं ड्रायव्हर बंकट करायचा. टाकी भरून आली की बायका त्याला देवमाणूस म्हणायच्या आणि रिकामी झाली की त्याच्याच नावानं बोटं मोडायच्या.

त्या मंगळवारी इंजिनाचं तेल बदलायचं होतं. दूध पोहोचवून आल्यावर टाकी चढवून झाली तशी बंकटनं लिंबाखाली गाडी लावली, पोतं अंथरून खाली शिरला आणि बोल्ट काढून जुनं तेल घमेल्यात सोडलं. शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबला. मग इंजिनाच्या पोटाला तांब्यासारखा लटकणारा तेलाचा फिल्टर त्यानं मुठीत धरला आणि फिरवला. फिल्टर हलला नाही.

तो हलणार नव्हताच. मागच्या वेळी फिल्टर जरा सैल राहिला होता आणि संस्थेच्या दारातच तेलाचं थारोळं झालं होतं. चेअरमन मोहनराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, "साधं झाकण आवळता येत न्हाई का बे तुला?" त्याच दिवशी बंकटनं पट्ट्याच्या पान्याला हातभर पाइप जोडला आणि मानेच्या शिरा फुगेस्तोवर फिल्टर आवळला. हातानं आवळला तरी भागतं, हे त्याला माहीत होतं. पण अपमान हातानं आवळून भागत नाही.

त्यानं पोत्याचा तुकडा लावून पाहिलं, मग पट्ट्याचा पाना लावला. पट्टा तेलावरून घसरला आणि बंकटचं कोपर चासीवर आपटलं. तोवर मोहनराव आले.

"काय झालं बे?"

"फिल्टर निघंना, चेअरमन."

"कुनी आवळला एवढा?"

"कुनास ठाऊक," बंकट गाडीखालून म्हणाला. "गाढव आसंल कुनीतरी."

चेहरा दिसत नाही, हा गाडीखाली असण्याचा एक फायदा. "आज ऱ्हाऊ द्या ह्योच," तो पुढं म्हणाला. "नवं तेल वततो अन् पाण्याला जातो. फिल्टर पुढच्या बारीला बघू."

हे शहाणपणाचं होतं. पण तोवर मोहनरावांनी बोलावणं धाडलं होतं, आणि बीडला ट्रकच्या गॅरेजात तीस वर्षं काढून गावी परतलेले रामहरी तात्या लेंगा वर खोचत हजर झाले होते. नव्या तेलात जुना फिल्टर म्हणजे अंघोळ करून घामट सदरा घालणं, असं त्यांनी जाहीर केलं आणि बॉनेट उघडून वरून आत वाकले. साखळीचा पाना त्यांनी वरून लावला, बंकटनं पट्टा खालून धरला.

"डावीकडं वढ!" तात्या ओरडले. "एकदा तू, एकदा मी. दम सोडायचा न्हाई."

तासभर दोघांनी आळीपाळीनं जोर लावला. ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत आलं. खेपेची वेळ टळली तशा बायका घागरी घेऊन गोळा झाल्या. त्यांच्यात विमलबाई होती. ऊस नाही म्हणून यंदा कारखाने लवकर बंद झाले, आणि ऊसतोडीला गेलेली तिची नवऱ्यासोबतची कोयता-जोडी महिना आधीच माघारी आली होती. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तात्या, एक इचारू?"

"कामाच्या टायमाला न्हाई."

"तुमी वरून डावीकडं फिरवताव, ह्यो खालून डावीकडं फिरवतोय. वरून बघनाराची डावी म्हंजी खालच्याची उजवी झाली का न्हाई?"

रामहरींनी तोंड उघडलं. मग हवेत हात उपडा धरून फिरवला, सुलटा धरून फिरवला आणि तोंड मिटलं. तासभर बंकट फिल्टर सोडत होता आणि तात्या आवळत होते.

"बायांनी इंजनात डोकं घालू नये," ते एवढंच म्हणाले. चार माणसांत गेलेली अब्रू भरून काढायला त्यांनी लांब पेचकस मागवला, खालून तो फिल्टरवर धरला आणि हातोड्यानं आरपार ठोकला. "आता ह्येच्यावर जोर टाकायचा, गपकन निघतो."

जोर टाकला. पत्रा टरकन फाटला. उरलंसुरलं काळं तेल बंकटच्या मिशीवर ओघळलं. डबा तात्यांच्या हातात आला आणि त्याची जाड चकती इंजिनालाच चिकटून राहिली. आता जुना फिल्टर ठेवून पाण्याला जायची वाटही बंद झाली.

"कावून ठोकलं ओ तात्या?" बंकट जवळजवळ रडत म्हणाला. "मी म्हनलो हुतो ऱ्हाऊ द्या."

"लई नाजूक माल येतोय आजकाल," तात्या म्हणाले आणि घरी पाणी प्यायला गेले. ते परत आले नाहीत.

बायकांचा आवाज वाढला. "घरात लेकरू तापलंय, कपाळावर घडी ठिवायला पानी न्हाई," रतनबाई गाडीच्या चाकाशी बसून म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती, पण बंकटच्या ते नेमकं कानात गेलं. त्यानं छिन्नी घेतली, चकतीच्या कडेवर धरली आणि घाव घालायला सुरुवात केली. एक घाव, की केसभर सरकणं. कानात नुसता ठणठणाट.

त्याच वेळी तालुक्याचे साहेब टंचाईच्या पाहणीला आले. ते पलीकडं संस्थेच्या ओट्यावर बसले. मोहनरावांनी दोन महिन्यांपासूनचा प्रश्न विचारला. "साहेब, पलीकडच्या वस्तीला सरकारी टँकर मिळाला. आमाला कावून न्हाई?"

"तुमच्याकडं संस्थेची गाडी पाणी आणते ना. अर्जात रकाना आहे, 'पर्यायी सोय'. तिथं 'आहे' असल्यावर टँकर देता येत नाही."

"सोय? चौदाशे माणसं, चार हजार लिटर पानी. त्यात ती बघा गाडी. आतडी काढून ठिवलीत तिची."

साहेबांनी पाहिलं. सांडलेलं तेल, फाटका डबा, गाडीखालून निघालेले दोन पाय आणि भोवती रिकाम्या घागरींचं रिंगण. त्यांनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी पेन काढलं आणि लिहायला घेतलं, 'वाहन नादुरुस्त. पर्यायी सोय नाही. दररोज तीन खेपा मंजूर करण्यास...'

तीन खेपा, त्याही मोठ्या टँकरच्या! मोहनरावांनी विमलबाईला जवळ बोलावलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "पळ. बंकटला म्हनावं, हात लावू नको. चार दिवस गाडी तशीच ऱ्हाऊ दे."

विमलबाई पळत निघाली.

इकडं चकती सुटली होती. बंकटला ते खरं वाटेना. त्यानं फिल्टर बसतो ती बसकण पुसली, नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावलं आणि हातानं, फक्त हातानं, बेतानं आवळला. खाली बोल्ट लावला, वरून तेल ओतलं, मापाची पट्टी काढून तेलाची पातळी पाहिली. मिशीवरचं तेल बाहीनं पुसलं आणि तो सीटवर चढला. समोरून विमलबाई दोन्ही हात हलवत, ओरडत येत होती. बिचारीला पाण्याची किती घाई, असं त्याला वाटलं.

"आलो, काकू, आलो!" त्यानं चावी फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बायकांनी गलका केला. रतनबाईनं गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवून स्वतःच्या कपाळाशी बोटं मोडली. बंकटनं आनंदानं दोनदा हॉर्नही वाजवला.

ओट्यावर साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी मोहनरावांकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि दोन ओळींवर सरळ रेघ मारली.

"बंद कर बे!" मोहनराव किंचाळले.

"आता बंद करून काय उपयोग, चेअरमन?" साहेब कागद बॅगेत ठेवत हळू आवाजात म्हणाले. "मी ऐकलंय. खोटं लिहिता येत नाही." आणि ते पुढच्या गावाला गेले.

विमलबाईनं खिडकीला धरून धापा टाकत बंकटला सगळं सांगितलं. भोवतीच्या बायकांनीही ऐकलं. मोहनराव शिव्या द्यायला आले होते, पण त्यांनाही कुणाला द्याव्यात ते कळेना.

बंकटनं गाडी बंद केली. खिडकीतून रिकाम्या घागरींकडं पाहिलं. मग परत चालू केली आणि पाण्याला गेला.