उन्हाळ्यात घटलेली युनिटं

सकाळी साडेदहा वाजता वीज कार्यालयाची अभियंता प्राप्ती ठाकूर ही गुणाजी घरतांच्या गच्चीचा जिना चढू लागली. मागे स्वतः गुणाजी, त्यांच्या मागे शेजारचे बाळाजी आणि करमअली, आणि शेवटी मोबाईल उंच धरलेली मुलगी दिशा. तपासणी गावाच्या ग्रुपवर थेट दिसत होती. तसा गुणाजींचाच हुकूम होता.

गुडघ्यांमुळे ते स्वतः सोलर पॅनेलच्या पूजेनंतर या जिन्याला लागले नव्हते. मात्र ओसरीवर बसून मोबाईलमध्ये रोजची युनिटं बघायचा नेम त्यांनी चुकवला नव्हता. घरात वापरून उरलेली वीज कंपनी घेते आणि विकते त्याहून फार कमी भाव देते, हे त्यांना डाचत होतं. उरणजवळच्या या गावातली सोलरवाली घरं गोळा करून त्यांनी संघ काढला, अध्यक्ष झाले, रास्त भावाच्या मागणीवर मंगळवारची सुनावणीही मिळवली.

तिथेच थांबते तर बरं होतं. पण एप्रिलपासून ऊन चढलं आणि युनिटं उतरली. भावात मारतात ते मारतात, आता मापातही मारायला लागले, असं गुणाजींनी ठरवलं. ग्रुपवर ‘चोर’ हा शब्द लिहिला आणि सुनावणीच्या अर्जात मीटरचा मुद्दा सर्वांत वर घातला.

“मॅडम, आमचा ऊन खरा, तुमचा मीटर खोटा,” धापा टाकत ते म्हणाले. “सगला गाव बघतंय.”

“बघू या, काका.”

प्राप्तीनं गच्चीचं दार ढकललं. पॅनेलांवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि साड्यांवर जवळ्याची बारीक सुकट वाळत होती. कडेला वाकट्यांची लांब मासळी. उघडी काच शोधावी लागत होती.

“भागे!” गुणाजी ओरडले.

भागुबाई सूप घेऊनच वर आल्या. “काय झाला? आवं, खाली पसरला तं मांजरा खातान. वरची काच तव्यासारकी तापते. एका दिसात कडक!”

“आगं, वीज बनते त्यावर!”

“तुमीच बोललाव ना, ऊन फुकट घालवायचा न्हाय म्हून?”

“दिशा, बंद कर ता!”

“बाबा, लाईव्ह हाय. आता बंद केला तं लोक बोलतील, लपवलात.”

बाळाजींना राहवलं नाही. “वहिनी, नवरा अध्यक्ष आन् गच्चीवर जवला? संघाची लाज काढलीत.”

“भावजी, वाकट्या तुमच्या घरच्या हान. तुमच्या गच्चीवर जागा उरली न्हाय म्हून तुमच्या ठमीनंच आणून दिल्या.”

बाळाजी खाडीकडे बघू लागले. करमअलींनी न वाजलेला मोबाईल कानाला लावला आणि जिना उतरता उतरता घरी फोन जोडून दबक्या आवाजात म्हणाले, “महेरुन्निसा, आपल्या गच्चीवर काय हाय? बोलू नको, आधी उचल.”

गुणाजींचे कान तापले होते. समोरच्या मुलीला आपण गावासमोर चोर म्हटलं, आणि ती अजून ‘काका’च म्हणत होती.

“भावाची मागणी रास्त आहे, काका,” प्राप्ती म्हणाली. “मी तसं वरही कळवलंय. पण अर्जात पहिला मुद्दा मीटरचा आहे. तो असा खोटा ठरला, तर पुढचा कोण ऐकून घेणार?”

“काढता येल काय?”

“येईल. सुनावणीत तुम्ही स्वतः उभं राहून, कारण सांगून.”

कारण या शब्दावर गुणाजींनी मान खाली घातली. भागुबाईंनी तेवढ्यात जवळ्याची पिशवी बांधली. “घेऊन जा, बाय.”

“काकी, तक्रारदाराकडून काही घेता येत नाही,” प्राप्ती म्हणाली. पण वास तिनं घेतला.

मंगळवारी बाळाजींचा टेम्पो बिघडला आणि करमअलींना रेवसला लग्न निघालं. सुनावणीला गुणाजी आणि भागुबाई दोघंच गेले. दालनाबाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी मोबाईलमधून “एका दिसात कडक” ऐकू आलं, तसे गुणाजी उठून परत फिरले.

भागुबाईंनी सदऱ्याला धरलं. “भाव कमी देतान ता खराच हाय ना?”

“हाय.”

“मंग लाज घरी जाऊन वाटून घ्या. आत चला.”

ते आत गेले. पहिला मुद्दा मागे घेतो, म्हणाले. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “कारण?”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. “मीटर खरा हाय साहेब, ऊन आमच्या जवल्यानं खाल्ला,” गुणाजी म्हणाले, “आता भावाचा बोलू.”