बर्फाच्या कारखान्यातलं बाळ

सकाळी सव्वाआठला जाईबाईंचा फोन आला, तेव्हा दर्शनाच्या एका खांद्यावर पर्स होती आणि दुसऱ्या खांद्यावर मनस्वीची लाळ.

"गो दर्शना, मी आज यायची नाय."

"का हो जाईबाई? ताप आलाय?"

"ताप नाय. वाट नाय."

"वाट कुठे गेली?"

"वाट हाय तिथंच हाय. पण मध्ये तो बर्फाचा कारखाना लागतो ना. आत पोर रडतंय म्हणे. अख्ख्या मिरकरवाड्याला म्हाईत, नि तुला नाय?"

दर्शनाला माहीत होतं. सगळ्या मिरकरवाड्याच्या आधी माहीत होतं. ते बाळ तिथे तिनेच ठेवलं होतं.

दर्शना कॉलेजात तासिका तत्त्वावर माध्यम साक्षरता शिकवायची. नवरा लोटे एमआयडीसीत एका कंपनीत, शनिवारी घरी येणारा. त्यामुळे दहा महिन्यांच्या मनस्वीला सांभाळायला जाईबाई होत्या म्हणूनच दर्शनाचे तास होते. मागच्या आठवड्यात तिने मुलांना सांगितलं होतं, "अफवा ओळखायची असेल तर एकदा स्वतः बनवून बघा. मात्र वर्गाच्या ग्रुपबाहेर जाता कामा नये."

जागा वर्गातल्या उमेरने सुचवली. मिरकरवाडा बंदराच्या कडेचा, सहा वर्षं बंद असलेला बर्फाचा कारखाना. भर दुपारी त्याच्या दारावरून गेलं तरी पोटऱ्यांना गार वारा लागायचा. मजकूर मनालने लिहिला: आत बाळ रडतं, मग तुमच्या नावाने हाक येते, तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नका. रडण्याचा आवाज मात्र कुणाकडे नव्हता. तो दर्शनाने दिला. दात येताना मनस्वी रडली होती त्यातला अकरा सेकंदांचा तुकडा.

उमेरने नियम पाळला. क्लिप बाहेर पाठवली नाही. फक्त घरी आजीला, ताजबींना, ऐकवली. ताजबींनी "बघू जरा" म्हणून फोन हातात घेतला आणि कुवेतच्या लेकाला धाडून दिली. तिथून ती सगळ्या खानदानात फिरून चौथ्या दिवशी रत्नागिरीत परत आली.

जाईबाईंचा फोन आला त्या दिवशी दर्शना मनस्वीला कडेवर घेऊनच वर्गात शिरली आणि हजेरी घेऊ लागली.

"उमेर."

तिने मान वर केली.

"उमेर!"

उमेर समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत होता.

"उमेर, बहिरा झालास का?"

"हजर, मॅडम."

"हा काय प्रकार?"

"मॅडम, खोटं आहे ते माहिताय आम्हाला," मनाल म्हणाली. "आम्हीच तर लिहिलं. पण तीन हाका थांबायला आपलं काय जातं?"

बासष्ट मुलांची हजेरी प्रत्येकी तीन हाकांनी पुरी व्हायला अर्धा तास गेला. बंदरावरही तेच चाललं होतं म्हणे. लिलावात कुणी पहिल्या पुकाऱ्याला तोंड उघडेना. पापलेटं टोपल्यात वाट बघत पडली होती.

"आता परत आलेली क्लिप लाव," दर्शनाने उमेरला सांगितलं. "वाटेत तिच्यात कुणी काय घातलंय ते शोधू. हाच आजचा धडा."

क्लिप लागली. आधी मनस्वीचं रडणं. मग ते थांबलं, तरी क्लिप थांबली नाही. पाणी कुठेतरी दगडावर चुबकत होतं. आणि त्या पाण्याच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं.

"सतरा सेकंद," मनाल हळूच म्हणाली. "आपली अकराची होती."

"मॅडम," उमेर म्हणाला, "आम्ही फक्त रडणं टाकलं होतं. समुद्र नव्हता टाकला."

मनस्वी इतका वेळ हजेरीपटाचा कोपरा चावत होती. तिने तो सोडला, स्पीकरकडे वळून बघितलं आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखी हसली. मागच्या बाकावरच्या दोन मुली उठून पुढे येऊन बसल्या.

मग मुलांनी मोहीम काढली. 'बर्फाच्या कारखान्यात बाळ नाही' अशी पोस्टरं जेटीपासून एसटी स्टँडपर्यंत लावली. ज्यांनी काहीच ऐकलं नव्हतं तेही आता थांबून विचारू लागले, "कुठलं बाळ?" प्राचार्यांनी कॉलेजच्या कागदावर निवेदन काढलं: 'सदर बाळाशी महाविद्यालयाचा कोणताही संबंध नाही.' खाली सही, गोल शिक्का.

ताजबींनी ते चष्मा लावून वाचलं आणि नातवाला म्हणाल्या, "शिक्का हाय. म्हणजे बाळ हाय."

तीन दिवस जाईबाई आल्या नाहीत. तीन दिवस मनस्वी वर्गात रांगली. शुक्रवारी प्राचार्यांनी दर्शनाला बोलावून घेतलं. "मॅडम, मूल गोड आहे तुमचं. पण सोमवारपर्यंत सोय झाली नाही, तर विषय दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

रविवारी दुपारी मनस्वीला तिच्या बाबाजवळ झोपवून दर्शना जाईबाईंच्या घरी गेली आणि हाताला धरून त्यांना कारखान्यापाशी घेऊन आली. दार अर्धवट उघडंच होतं. आत बर्फाचे साचे गंजून ओळीने उभे होते, पाळणाघरातल्या खाटांसारखे. बर्फ जाऊन सहा वर्षं झाली होती, पण गारवा गेला नव्हता. खाली कुठेतरी पाणी चुबकत होतं.

"ऐकलंत? काही नाही," दर्शना म्हणाली. आपला आवाज बारीक का झाला हे तिला कळेना. "आता हे ऐका."

तिने फोनमधली मूळ क्लिप लावली. रडणं साच्यांमधून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं आणि जायला हवं होतं त्याहून जरा उशिरा परत आलं.

"ही आपली मनू आहे, जाईबाई. दात येत होते तेव्हाची. मीच भरून घेतलं. भूत नाही, काही नाही."

"भूत मी कदी म्हटलं?" जाईबाईंना रागच आला. "भूतबीत मानायची पद्धत नाय आमच्या घरात. बाबासाहेबांच्या फोटोसमोर तोंड कसं दाखवू?"

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतंय कोण गो! चार पोरं वाढवली मी. पोर रडतंय असं म्हटलं की त्याला टाकून पुढं जायला पाय उचलत नाय माजा. म्हणून ती वाटच सोडली." त्यांनी अंधारात एकदा नीट बघून घेतलं. "आनि आता तूच सांगतेस, आपली मनूच हाय ती!"

"अहो, मनू घरी आहे!"

"घरची घरी. ही हितली कोण बघनार?"

जाईबाईंनी पदराने उंबरठा पुसला आणि बसून घेतलं. "उद्यापास्नं येते मी. पण येताना हितं जरा टेकून येईन. अर्धा तास उशीर होईल, आधीच सांगते."

सोमवारी दर्शनाने पहिला तास अर्ध्या तासाने पुढे ढकलून घेतला. अर्जात कारण लिहिलं, 'बालसंगोपन'. एवढं तरी खरं होतं. जाईबाई पुन्हा येऊ लागल्या, आणि दुपारी मनस्वीला फिरवायला नेलं की पुन्हा त्या उंबरठ्यावर टेकू लागल्या. लिलाव सुरळीत झाला. रडणं कुणाला ऐकू येईनासं झालं. मिरकरवाडा त्याचं श्रेय जाईबाईंना देऊ लागला, पोस्टरांना कुणी दिलं नाही.

महिनाअखेरीस दर्शनाने सगळा वर्गच कारखान्यावर न्यायचा ठरवला. जागेवर उभं राहून अफवेची चिरफाड करायची, एवढाच बेत. भर दुपारी बासष्ट मुलं बडबडत, फिदीफिदी हसत दारापर्यंत पोचली. उंबरठ्यावर जाईबाई बसल्या होत्या. त्यांनी चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू रे! आत्ताच निजलंय."

"मनू झोपली?" दर्शनाने विचारलं.

मनस्वी जाईबाईंच्या खांद्यावरून टक्क डोळ्यांनी आईकडे बघत होती, हात हलवत होती.

"ही नाय गो," जाईबाई कुजबुजल्या. "आतलं."

दर्शनाने बोलायला तोंड उघडलं. 'मुलांनो, इथे काहीही नाही' हे वाक्य तयार होतं. तिने कान दिला. आत आवाज नव्हता. पण ती साधी शांतता नव्हती. लेकरू कसंबसं झोपल्यावर बंद दाराआड जी असते, जिच्यात आई भांडंसुद्धा जपून ठेवते, ती होती. दर्शनाला ती दहा महिन्यांपासून चांगली ठाऊक होती.

तिने वाकून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि जेटीकडे खूण केली. तिच्यामागून बासष्ट मुलं चवड्यांवर, एकही शब्द न बोलता, कारखान्याला वळसा घालून गेली.