फुलपाड्याच्या उत्पादनात दोन आज्यांची भर

देश श्रीमंत झाला की देशातला माणूसही श्रीमंत होतो, ही गोष्ट आता वादापलीकडे गेलेली आहे. एखाद्याला आपण तसे झाल्याचे जाणवत नसेल, तर दोष आकडे नीट न वाचण्याच्या सवयीचा समजावा. विरार पूर्वेच्या फुलपाड्यातली एका सोसायटीची सी विंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तिथे नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी येते, बाकीचे टँकरने येते. नळाला रोज पाणी आले असते तर लोकांनी ते नुसतेच वापरले असते आणि उत्पादनात नाव घेण्यासारखी भर पडली नसती. टँकरमुळे मालक, चालक, डिझेलवाला आणि टँकरने उखडलेला रस्ता बुजवणारा ठेकेदार अशा चौघांची उलाढाल होते. हाडांच्या डॉक्टरांची होते ती वेगळी. (रहिवाशांची कंबर हीदेखील एक उत्पादक मालमत्ता आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.)

अशा या प्रगत इमारतीत, दोनशे चार नंबरच्या फ्लॅटमध्ये, मनोरमाबाई शिगवण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही देशाला कसलाही हातभार न लावता राहत होत्या.

हे उघडकीला आले ते प्रीतल नावाच्या मुलीमुळे. घरोघरी कोण काय काम करते याच्या सरकारी पाहणीच्या कामावर ती कंत्राटी होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, आणि दोन जिने चढून आल्यामुळे धाप. घरात मनोरमाबाई आणि साडेतीन वर्षांची नात शाल्मली दोघीच होत्या. मुलगा जितेश कामणच्या गोदामात माल पाठवण्याचे काम बघतो, सून विनिता वसईच्या कोर्टाजवळ एका वकिलाकडे टायपिंग करते. दोघांची माहिती पटकन भरून झाली.

"आणि आजी, तुम्ही काय काम करता?" प्रीतलने विचारले.

मनोरमाबाईंनी सांगायला सुरुवात केली. पाचला उठणे, पाणी भरणे, दोन डबे, शाल्मलीची आंघोळ, तिचे खाणे (हे एकच काम सव्वा तासाचे), कपडे, दळण, भाजी, शाळेत सोडणे, आणणे, झोपवणे. प्रीतलने त्यांना कपड्यांपर्यंत बोलू दिले.

"आजी, हे घरचं झालं. याचा पगार मिळतो का?"

"घरच्या कामाचा पगार कोण देतं गं?"

"मग 'काम करत नाही' असं येतं," प्रीतल जरा ओशाळून म्हणाली. "मी नाही ठरवलं ते. टॅबमध्ये तसंच आहे."

मनोरमाबाईंनी शाल्मलीच्या तोंडाला लागलेला वरणभात पुसला आणि थोडा विचार केला.

"समज, मी दुसऱ्याची नात सांभाळली, पगार घेऊन?"

"मग तुम्ही काम करता."

"आणि त्या घरची आजी माझ्या नातीला सांभाळायला आली, पगार घेऊन?"

"मग त्यापण काम करतात."

"पोरी त्याच, आज्या त्याच?"

"हो," प्रीतल म्हणाली, आणि पाणी पिऊन शेजारच्या दाराकडे गेली.

बरोबर वरच्या मजल्यावर, तीनशे चारमध्ये, प्रिस्काबाई राहायच्या. जन्म पाचूबंदरचा, तीस वर्षे टोपली घेऊन मासळी विकली, आणि सून क्रिस्टिना हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाल्यावर नात प्रिन्सीला बघायला इथे आल्या. मनोरमाबाई वर गेल्या आणि झालेला प्रकार त्यांना सांगितला. प्रिस्काबाईंनी हातातले सुकटीचे ताट खाली ठेवले.

"म्हावरा विकीत होते तवा मी काम करत होते," त्या म्हणाल्या. "आता पोरीला भरवते, न्हाऊ घालते, तिच्यामागं धावते, तर काम नाय? कोन म्हनतंय? बोलव तिला!"

"ती गेली, प्रिस्काबाई. आणि तिचा काही दोष नाही. आपण अदलाबदल करायची का?"

"पोरींची?"

"आपली."

देशाच्या अर्थकारणात एवढा मोठा निर्णय एवढ्या थोड्या चर्चेत क्वचितच झाला असेल. मुलांना वाटले, आयांना विरंगुळा होतोय तर होऊ दे. जितेशने तर कौतुकच केले. रात्री जेवताना मोबाइलवर आपली अर्थव्यवस्था जगात कितवी झाली हे वाचून दाखवण्याची त्याला सवय होती. "महिना बारा-बारा हजार," तो म्हणाला. "आपण प्रिस्का आँटींना द्यायचे, क्रिस्टिनाने आईला द्यायचे. जाणार तेवढे येणार. आपल्या खिशाला काही नाही, आणि देशाचं वर्षाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांनी उत्पादन वाढलं!" हिशेब बिनचूक होता.

विनिताने ऑफिसातल्या एका जुन्या मसुद्यावरून करारनामा टाइप करून आणला. कामाची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रविवारी पगारी सुट्टी. दुपारचे जेवण मालकाकडे. कलम सातमध्ये 'कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याने खासगी कामे करू नयेत' असे होते. मूळ मसुदा एका पाळणाघराचा असल्याने ते तसेच राहिले. स्वतःची नात हे खासगी काम ठरते का, असे मनोरमाबाईंनी विचारले. विनिताने दोनदा वाचून पाहिले आणि म्हणाली, "आई, कायद्याने तसंच होतंय."

एक तारखेला सकाळी नऊला मनोरमाबाई एकोणीस पायऱ्या चढून नोकरीला गेल्या. त्याच वेळी प्रिस्काबाई तेवढ्याच पायऱ्या उतरून नोकरीला आल्या. वाटेत दोघींनी एकमेकींना "येते हां" म्हटले. देशाच्या उत्पादनवाढीला त्या क्षणी सुरुवात झाली.

पहिल्या तिमाहीची प्रगती समाधानकारक होती. शाल्मली 'पानी' म्हणायला लागली आणि जेवणाआधी कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावायला शिकली. प्रिन्सी संध्याकाळी क्रिस्टिनाला हात जोडून 'शुभं करोति' म्हणून दाखवू लागली. दोन्ही पोरींचे जेवण मात्र घटले, कारण दोघींनाही आपापल्या आजीच्या हातच्या घासाची सवय होती. (उरलेले अन्न टाकून द्यावे लागते, त्यामुळे धान्य जास्त लागते. हीही वाढच.) प्रीतल दुसऱ्या फेरीला आली तेव्हा तिने दोघींच्याही नावापुढे 'काम करतात' असे भरले. सी विंगमधल्या कामकरी स्त्रियांचे प्रमाण कोणीही काहीही नवे न करता वाढले. प्रीतलला स्वतःला बरे वाटले. तिच्या कंत्राटाचे दोन महिन्यांचे पैसे यायचे होते, पण कोणाचे तरी चांगले चालले आहे हे बघून माणसाला हुरूप येतो.

पेच आला तो जितेशच्या हिशेबातल्या 'येणार' या शब्दाने.

पहिल्या पगाराच्या संध्याकाळी त्याने आईपुढे सहज हात केला. मनोरमाबाईंना वाटले तो चष्मा मागतोय, म्हणून त्यांनी चष्मा दिला.

"पैसे, आई. बारा हजार. आपण आँटींना दिले ना, ते भरून काढायचे."

"ते मी बँकेत टाकले."

"कोणाच्या?"

"माझ्या. पगार माझा आहे ना?"

जितेश हसला. मग हसायचा थांबला. वरच्या मजल्यावर क्रिस्टिनालाही प्रिस्काबाईंनी त्याच दिवशी जवळपास हेच सांगितले होते, फक्त आवाज मोठा होता. अशा रीतीने दोन्ही घरांचे मिळून उत्पादन महिना चोवीस हजारांनी वाढले आणि त्याच महिन्यापासून दोन्ही घरांना चणचण भासू लागली. जितेशने कामणला जाताना नाक्यावर नाश्ता करणे सोडले. विनिताने गॅलरीला जाळी बसवायचे पुढे ढकलले. रात्री जेवताना तो अजूनही देश कितवा झाला ते वाचायचा, पण आता मनातल्या मनात.

मनोरमाबाईंची गोष्ट वेगळी होती. नवरा गेल्यापासून नऊ वर्षे त्या त्याच्याच चष्म्याने वाचत होत्या. नंबर जुळत नव्हता, पण चष्मा चांगला होता, टाकायचा कसा? दुसऱ्या पगारातून त्यांनी वसईला जाऊन डोळे तपासून घेतले आणि स्वतःच्या नंबरचा चष्मा केला. दुकानाबाहेर येऊन त्यांनी समोरच्या पाट्या एकामागून एक वाचल्या. बरोबर प्रिस्काबाई होत्या, तो रविवार होता. दोघी किल्ल्याकडच्या धक्क्यावर जाऊन बसल्या आणि प्रिस्काबाईंनी तिथल्या प्रत्येक बोटीवरचा मासा किती शिळा आहे ते सांगितले. मनोरमाबाईंना आठवेना, याआधी आपण घर कोणावर सोडून, कोणासाठी काही न आणता, कधी बसलो होतो.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी शाल्मलीला ताप आला. एकशे दोन. जितेश-विनिताची रजा संपलेली होती. विनिता औषध देऊन, रडवेली होऊन गेली. नऊ वाजता प्रिस्काबाई खाली आल्या आणि मनोरमाबाई वर गेल्या. करार होता.

तीनशे चारची लादी म्हणजे दोनशे चारचे छत. दुपारी जेवणानंतर मनोरमाबाई प्रिन्सीला ठोकळे मांडून देत होत्या आणि त्यांच्या पायाखालून रडणे ऐकू येत होते. आधी मोठे, मग नुसते "आजी, आजी", मग आवाजच नाही. आवाज थांबल्यावर त्यांना बसवेना. त्यांनी करारनामा काढला, नव्या चष्म्याने कलम सात वाचले. अक्षर अगदी स्पष्ट दिसत होते. त्यांनी कागद घडी करून ठेवला, प्रिन्सीला कडेवर घेतले आणि दार ओढले.

जिन्याच्या मधल्या वळणावर प्रिस्काबाई वर येत होत्या. खांद्यावर शाल्मली.

"तुम्ही वर कुठे?"

"तुज्याकडंच. दोन तास झाले, पोर डोला मिटत नाय. तुजं नाव घेत हाय. चुलीत घाल तो कागद."

पोरींची तिथेच अदलाबदल झाली. शाल्मलीने मनोरमाबाईंच्या मानेत तोंड खुपसले आणि त्यांच्या पदराचे टोक मुठीत धरले. तिचे अंग तव्यासारखे लागत होते. मनोरमाबाई पायरीवर बसल्या, तशा प्रिस्काबाईही. पाच मिनिटांत शाल्मली झोपली. प्रिन्सीने आजीच्या कानातले ओढायला सुरुवात केली. तासभर कोणी उठले नाही. मनोरमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि दोन्ही हात अडकलेले असल्याने ते पुसता येत नव्हते. प्रिस्काबाईंनी आपल्या पदराने पुसले.

दुपारी अडीच ते साडेतीन या वेळेत सी विंगच्या जिन्यात देशाचे ब्याण्णव रुपये तीस पैशांचे उत्पादन बुडाले. (दोघींचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे दहा तास असा हिशेब केला आहे. अश्रू पुसण्याची सेवा विनामोबदला झाल्याने धरलेली नाही.)

शाल्मलीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. त्याच संध्याकाळी दोन्ही आज्यांनी राजीनामे दिले. सी विंगमध्ये मंदी आली. तिची लक्षणे ठळक होती: पोरी पोटभर जेवू लागल्या, गॅलरीला जाळी बसली, जितेशचा नाश्ता पुन्हा सुरू झाला.

"बरं झालं, आई," जितेश म्हणाला. "आता सगळं पहिल्यासारखं."

"सगळं नाही. पगार बंद. रविवार चालू राहील."

"रविवार म्हणजे?"

"सुट्टी."

"घरातच तर असतेस, त्यातून सुट्टी कसली?"

"घरातच असते, म्हणूनच. नातीचे पैसे मला नकोत, जितेश. पण रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी नाही. विनितालाही सांग, ती पण एक आड एक रविवार घेईल. पोरगी तुझीही आहे."

विनिता ओट्याशी उभी होती. तिने कॅलेंडर खाली काढले आणि पेन शोधले.

तिसऱ्या फेरीला प्रीतल आली तो रविवार होता. (रविवारी माणसे घरी सापडतात. प्रीतलला स्वतःला रविवार नसतो.) नेमका तो विनिताचाही रविवार होता. दार जितेशने उघडले. त्याच्या दातांत केसांचे रबर होते, एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात शाल्मलीची अर्धी वेणी. आत कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे तो विसरला होता. मशीन फेस ओकत होते. सकाळपासून तो बसला नव्हता, आणि अजून सव्वाअकराच झाले होते.

"आजी कुठे आहेत?" प्रीतलने विचारले.

"वसईला. सुट्टी आहे तिची."

"म्हणजे नोकरी चालू आहे? गेल्या वेळी 'काम करतात' लिहिलं होतं."

"नाही, नाही, ती सोडली," जितेश रबर काढून म्हणाला. "आता आई काही करत नाही. घरीच असते."

आत दूध उतू गेले. तो धावला. प्रीतलने नोंद दुरुस्त केली आणि पुढच्या दाराची बेल दाबली.

वाचकहो, जितेशला हसून झाले असेल तर एक छोटीशी तपासणी करावी. हे वाचायला तुम्हाला साधारण पंधरा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात तुमच्या घरात कोण उभे होते, ते मान वर करून पाहावे. काय करते आहेस, म्हणून विचारावे. "काही नाही, तू वाच," असे उत्तर येईल. तुम्ही लगेच पुन्हा वाचू लागाल, आणि तेच उत्तर लिहून घेतले जाईल.